दोन्ही दारांतून

लायब्ररीतल्या पोरीनं छापून दिली
आमच्या खासदारबाईंची सगळी हजेरी.
एकोणीस पानं, पानाला वीस पेन्स.
म्हटलं, पैसे मोजलेत तर वाचून तरी काढू.

रोवेना पिकर्सगिल, ऑथरबी आणि वरचं खोरं.
मतदानं बाराशे चार,
पैकी हजर नऊशे एकसष्ट.
सभागृहात बोलल्या तेहेतीस वेळा,
सर्वांत लांब भाषण मेंढ्यांच्या खुरांवर.

मी एकतीस वर्षं बस चालवली,
सत्तेचाळीस नंबर, मंडईपासून हॉस्पिटलपर्यंत.
डेपोत माझंही एक कार्ड होतं.
उशीर: चौदा वेळा.
कारणाला रकाना नव्हता.
एकदा चढावर एका बाईला कळा सुरू झाल्या,
एकदा नुसतंच धुकं,
आणि एकदा, खरं सांगायचं तर,
मी झोपून राहिलो होतो.
कार्डावर तिन्ही उशीर सारखेच काळे.

म्हणून पानं सावकाश उलटतो.

खर्च मागच्या पानांवर.
ऑफिसचं भाडं. किटली एक, चोवीस पौंड.
खिडक्या पुसणं, दर तीन महिन्यांनी
(त्या खिडक्या मी पाहिल्यात,
तो माणूस बाहेरूनच पुसतो).
लंडनचं तिकीट, साधा वर्ग,
परतीचं, परतीचं, परतीचं.
आणि शेवटून तिसरी ओळ:
पुष्पचक्र, अडतीस पौंड. नामंजूर.

ती तारीख मला पाठ आहे.
वॉल्टर ओल्डरॉइडच्या पेटीवर
त्याची डेपोची टोपी होती, आमची निळी फुलं होती,
आणि एक भलंमोठं पांढरं चक्र,
चिठ्ठीवर नुसतं 'आर. पी.'
आम्हांला वाटलं रे पार्किन्सन, जुना इन्स्पेक्टर,
जन्मभर हात आखडलेला माणूस.
मी त्याला त्याबद्दल एक बिअर पाजली.
आणि त्यानं ती घेतली!

पण मग अकरावं पान.
ग्रामीण बस अनुदानात कपात, रात्री दहा सतरा.
'होय'च्या यादीत: पिकर्सगिल.
'नाही'च्या यादीत: पिकर्सगिल.
मला वाटलं छापणाऱ्याची चूक.

शनिवारी त्या चर्चमागच्या खोलीत भेटतात.
माझ्या पुढे एक गटाराची तक्रार होती, एक व्हिसाची,
मागे एक माणूस ओल्या कुत्र्याला धरून.
मी पान अकरा टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते ओळखलं.
म्हणाल्या, घंटा वाजली की आठ मिनिटं असतात,
मग दारं बंद करतात.
एका दारातून पक्षाबरोबर गेले.
बाहेर आले तर तुमचं खोरं आठवलं,
धावत दुसऱ्या दारातून गेले.
दोन्हीकडे मोजलं गेलं
की कुठेच मोजलं जात नाही.

तळ्यात, मळ्यात.
लहानपणी आम्ही अशाला खेळातून बाद करायचो.
मी म्हटलं, बाई,
बस दोन्ही दिशांना निघाली
तर ती थांब्यावरच उभी असते.
त्या हसल्या नाहीत.
मीही विनोद केला नव्हता.
पुष्पचक्राचं विचारायचं राहून गेलं.
कुत्रं अंग झाडत होतं.

आज गुरुवार, मतदान.
केंद्र सत्तेचाळीसच्या शेवटून दुसऱ्या थांब्याजवळ,
घरापासून दोन मैल, सगळा चढ.
आत दोरीला बांधलेली आखूड पेन्सिल असेल
आणि एका नावापुढे फुली मारायची.
एकाच. त्यांनाही एकच मारायची असते,
हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

अर्ध्या वाटेवर थांब्याचा खांब अजून उभा आहे,
वेळापत्रकाची चौकटही, आत कागद नाही.
गुडघा दुखायला लागला म्हणून जरा टेकलो,
सवयीनं घड्याळ पाहिलं:
सात मिनिटं उशीर.

अकरावं पान वाचलं तेव्हा
फुली कुठे जाणार ते पक्कं होतं.
ती शेवटून तिसरी ओळ
मी पुन्हा वाचायला नको होती.
केंद्र रात्री दहापर्यंत उघडं असतं.
उठतो आता.